बोबडी का वळते?

मनाची अवस्था सांगण्यासाठी मराठी भाषा पुष्कळदा शरीराचा आधार घेते. भ्यालेल्या माणसाची छाती धडधडते, त्याच्या घशाला कोरड पडते, हातपाय गळतात, पोटात गोळा येतो, दरदरून घाम फुटतो आणि तो बोलू लागला की त्याची बोबडी वळते. हे वाक्प्रचार कोणा पंडिताने बसून रचलेले नाहीत. शेतात, बाजारात आणि चावडीवर वावरणाऱ्या सामान्य माणसांनी जे डोळ्यांनी पाहिले आणि अंगावर अनुभवले, तेच त्यांच्या बोलण्यात उतरले. म्हणूनच हे वाक्प्रचार केवळ भाषेचे अलंकार नव्हेत. ते मानवी शरीराचे अचूक निरीक्षणही आहे.

वाट चुकलेल्या माणसापुढे रानात अकस्मात वाघ उभा राहिला, तर त्याची अशी अवस्था व्हावी यात नवल नाही. परंतु हीच अवस्था अगदी निराळ्या ठिकाणीही होते. वर्गात उभे राहून कविता म्हणावयाची असते; फळ्यापाशी जाऊन गणित सोडवावयाचे असते; घरी आलेल्या अनोळखी पाहुण्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावयाची असतात; स्नेहसंमेलनात व्यासपीठावर जाऊन दोन शब्द बोलावयाचे असतात. समोर वाघ नसतो. असतात ते रोजचे सोबती, ओळखीचे गुरुजन आणि कौतुकाने पाहणारे आईबाप. कोणाच्याही हाती शस्त्र नसते. तरीही तळहात ओले होतात, गुडघे लटपटतात, आवाज कापतो आणि काल रात्रीपर्यंत मुखोद्गत असलेली कविता पार नाहीशी होते. अनेकांसमोर उभे राहिल्यावर होणाऱ्या या अवस्थेला सभाकंप असे म्हणतात. हा शब्दही मोठा समर्पक आहे, कारण सभेपुढे खरोखरच शरीराला कंप सुटतो.

सभाकंपाने होणारे खरे नुकसान त्या चार क्षणांपुरते नसते. कंप येतो आणि जातो. परंतु त्यातून काढलेला चुकीचा निष्कर्ष मागे राहतो. ‘माझे हात कापले, म्हणजे मी भित्रा आहे,’ असे एखादा मुलगा मनाशी ठरवून टाकतो. ‘मला बोलताच येत नाही,’ अशी एखाद्या मुलीची समजूत होते. मग उत्तर ठाऊक असूनही हात वर होत नाही, शंका असूनही ती विचारली जात नाही आणि स्पर्धेच्या यादीत नाव दिले जात नाही. बुद्धी असते, अभ्यास असतो, केवळ एका चुकीच्या समजुतीमुळे दोन्ही झाकून राहतात. यासाठी या कंपाचे मूळ काय, हे एकदा नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

आपल्या शरीरातील काही कामे आपल्या इच्छेने चालतात, तर काही आपल्या नकळत चालतात. हात उचलणे, चालणे, लिहिणे ही पहिल्या प्रकारची कामे होत. हृदयाचे ठोके, अन्नाचे पचन, घाम येणे, लाळ सुटणे ही दुसऱ्या प्रकारची कामे होत. या दुसऱ्या प्रकारच्या कामांवर स्वायत्त मज्जासंस्था देखरेख ठेवते. तिचे दोन भाग आहेत. एक भाग शरीराला कार्यास सज्ज करतो, दुसरा त्याला विश्रांतीकडे नेतो. गाडीला जसे वेग देणारे आणि वेग आवरणारे असे दोन्ही साधन लागते, तसेच हे आहे.

मेंदूमध्ये खोलवर बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग आहे. त्याला ॲमिग्डला असे म्हणतात. धोक्याची चाहूल घेणे हे त्याच्या कामांपैकी एक महत्त्वाचे काम आहे. धोका जाणवताच मेंदूतून मज्जातंतूंच्या द्वारे सर्व शरीराला इशारा जातो. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क ग्रंथी आहेत. इशारा मिळताच त्या ॲड्रेनॅलिन नावाचा द्रव्यरस रक्तात सोडतात. हे सर्व इतक्या त्वरेने घडते की, विचार करावयास सवडच मिळत नाही. धोका खरा आहे की नाही, याची शहानिशा मागाहून होते. तयारी मात्र आधी होते.

आता एकेका वाक्प्रचाराचा अर्थ उलगडू लागतो. छाती धडधडते, कारण हृदय स्नायूंना अधिक रक्त पुरवू लागते. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला सत्तर-ऐंशी ठोके देणारे हृदय अशा वेळी सहज शंभरावर जाते. श्वास जलद होतो, कारण स्नायूंना अधिक प्राणवायू हवा असतो. यकृत आपल्याजवळची साखर रक्तात सोडते. हे जणू प्रवासाला निघालेल्याच्या हाती शिदोरी देण्यासारखेच आहे. पोटात गोळा येतो, कारण संकटाच्या वेळी अन्न पचविण्याचे काम लांबणीवर टाकले जाते आणि तिकडचे रक्त स्नायूंकडे वळते. त्याच कारणाने लाळ सुटणे कमी होते आणि घशाला कोरड पडते. हातापायांच्या त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून बोटे गार पडतात.

तळहाताला सुटणाऱ्या घामाची गोष्ट तर विशेषच आहे. अंगाला येणारा घाम बहुधा उष्णतेमुळे येतो. तळहात आणि तळपाय मात्र मुख्यतः मनाच्या ताणामुळे घामेजतात. म्हणून थंडीच्या दिवसांतही परीक्षेच्या वेळी हातातील लेखणी निसटू लागते. अंगावर काटा येतो, तो केसांच्या मुळाशी असलेले चिमुकले स्नायू आखडल्यामुळे. मांजर भ्याले म्हणजे तिचे केस फुलतात आणि ती मोठी दिसू लागते. मनुष्याच्या अंगावर तेवढे केस उरले नाहीत, परंतु ते स्नायू मात्र आपले जुने काम अद्यापि विसरलेले नाहीत.

हातपाय कापतात, कारण स्नायू कामासाठी ताणले जातात. परंतु व्यासपीठावर त्यांना कामच मिळत नाही. धावावयास निघालेल्या घोड्याला जागीच रोखून धरले, तर तो जसा थरथरतो, तसे ते थरथरतात. आणि बोबडी वळते, तिचेही कारण आता ध्यानी येईल. स्वरयंत्रातील स्नायू ताणले जातात, श्वास उथळ झाल्यामुळे आवाजाला पुरेसा आधार मिळत नाही आणि जीभ कोरड्या तोंडात मोकळेपणाने फिरत नाही. अशा वेळी शब्द अडखळत बाहेर पडले, तर तो दोष बुद्धीचा नव्हे, ज्ञानाचा तर मुळीच नव्हे.

या ज्ञानामागे अनेक शास्त्रज्ञांचे परिश्रम आहेत. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने अमेरिकेत संशोधन करून प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथींमधून ॲड्रेनॅलिन शुद्ध स्फटिकांच्या रूपात मिळविले आणि १९०१ मध्ये ते जगापुढे मांडले. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातील वॉल्टर कॅनन हे वैद्यकाचे विद्यार्थी असतानाच क्ष-किरणांच्या साहाय्याने मांजरांच्या जठराची हालचाल पाहत असत. अन्न पचत असता जठर लाटांप्रमाणे हलताना दिसे. परंतु मांजर अस्वस्थ झाले की ती हालचाल थांबे आणि ते शांत झाले की पुन्हा सुरू होई. मनातील खळबळ पोटापर्यंत पोहोचते, हे त्यांना प्रत्यक्ष दिसले. पुढे अनेक प्रयोगांनंतर १९१५ मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला. संकट आले म्हणजे प्राण्याचे शरीर लढण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज होते, हा त्यांचा सिद्धान्त आजही सर्वत्र शिकविला जातो. तात्पर्य, शरीराची ही धांदल हा रोग नसून ती एक जुनी आणि उपयुक्त व्यवस्था आहे.

येथे एक प्रश्न उरतोच. सभेत ना लढावयाचे असते, ना पळावयाचे. मग ही सज्जता कशासाठी? याचे उत्तर मनुष्याच्या प्राचीन जीवनात शोधावे लागते, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. हजारो वर्षे मनुष्य लहान लहान टोळ्यांत राहिला. एकट्याने शिकार मिळविणे, थंडीवाऱ्यात टिकणे किंवा लेकरे वाढविणे त्याला शक्य नव्हते. टोळीने दूर लोटले, तर वाघापेक्षाही मोठे संकट ओढवे. आपल्या खेड्यांतही एखाद्या कुटुंबाला वाळीत टाकणे ही केवढी कठोर शिक्षा समजली जात असे! त्यामुळे चारचौघांच्या मनातून उतरण्याची भीती मनुष्याच्या हाडीमासी खिळली. अनेक डोळे एकाच वेळी आपल्यावर रोखलेले दिसले, की मेंदूतील तो जुना पहारेकरी दचकतो आणि नगारा वाजवितो.

जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठातील संशोधकांनी १९९३ मध्ये याची एक कसोटीच तयार केली. त्यांनी माणसांना परीक्षकांसमोर पाच मिनिटे भाषण करावयास सांगितले. नंतर १०२२ मधून तेरा वजा करावयाचे, आलेल्या उत्तरातून पुन्हा तेरा वजा करावयाचे, असे तोंडी गणित दिले. चूक झाली की पुन्हा १०२२ पासून प्रारंभ! या कसोटीनंतर त्यांच्या लाळेतील कॉर्टिसॉल हे ताणाच्या वेळी वाढणारे द्रव्य दुपटीपासून चौपटीपर्यंत वाढलेले आढळले. कोणी त्यांना धमकावले नव्हते की स्पर्शही केला नव्हता. केवळ आपली पारख होत आहे, ही जाणीव तेवढ्यास पुरेशी ठरली.

चेहरा लाल होणे आणि कानशिले तापणे हेही याच जातीचे लक्षण आहे. विख्यात निसर्गशास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांनी १८७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या एका ग्रंथात लाजेने चेहरा आरक्त होण्यावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. सर्व भावचिन्हांमध्ये हे चिन्ह विशेषेकरून मानवी आहे, असे त्यांनी म्हटले. दुसरे लोक आपल्याविषयी काय म्हणत असतील, हा विचार त्याच्या मुळाशी असतो, असे त्यांचे मत होते. सावळ्या वर्णाच्या माणसाच्या गालांवर ही लाली फारशी दिसत नाही. परंतु चेहऱ्यावरची ऊब मात्र त्यालाही तितकीच जाणवते.

आपल्या पूर्वजांनीही या लक्षणांची सूक्ष्म नोंद केलेली आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत. स्तंभ म्हणजे जागच्या जागी खिळणे, स्वेद म्हणजे घाम, रोमांच म्हणजे अंगावर काटा, स्वरभंग म्हणजे आवाज फुटणे, वेपथू म्हणजे कंप, वैवर्ण्य म्हणजे चेहऱ्याचा रंग पालटणे, अश्रू आणि प्रलय म्हणजे भान हरपणे. यांतील बहुतेक भाव सभेपुढे उभ्या राहिलेल्या नवख्या वक्त्याच्या ठायी पाहावयास मिळतात! भगवद्‌गीतेच्या पहिल्या अध्यायात दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या अर्जुनाची स्थितीही अशीच वर्णिली आहे. त्याचे अवयव गळतात, तोंड कोरडे पडते, शरीर कापते, अंगावर काटा येतो आणि हातातून धनुष्य निसटू लागते. अर्जुनाच्या व्याकुळतेचे कारण निराळे होते; पण शरीराची भाषा तीच होती. आणि अर्जुन भित्रा होता, असे कोणीही म्हणणार नाही.

ही लक्षणे पाहून माणसाची पारख करू नये, याला आणखी एक जुना दाखला आहे. प्राचीन काळी चोरीचा निर्णय करण्यासाठी तंडुल-दिव्य नावाची एक पद्धत होती. संशयितांना तांदूळ चावून बाहेर टाकावयास सांगत. ज्याच्या तोंडातून रक्त येई किंवा ज्याच्या अंगाला कंप सुटे, तो दोषी ठरे. वरवर पाहता ही युक्ती चतुराईची वाटते. कारण भ्यालेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते आणि कोरड्या तोंडाने कडक दाणे चावणे कठीण जाते. परंतु तीत एक मोठा अन्याय दडलेला होता. निरपराध माणूसही ‘आता आपल्यावर आळ येणार’ या विचाराने भीत असेलच की! सुकलेले तोंड एवढेच सांगते की, हा माणूस भ्याला आहे. तो चोर आहे की साव, शहाणा आहे की मूर्ख, शूर आहे की भेकड, हे ते मुळीच सांगत नाही. दुसऱ्याच्या बाबतीत हे जितके खरे, तितकेच स्वतःच्या बाबतीतही खरे आहे. आपलेच कापणारे हात पाहून आपणच आपल्याला दोषी ठरविणे, म्हणजे ते जुने दिव्य पुन्हा स्वतःवर लादणे होय.

सभाकंपाच्या वेळी माणसाची आणखी एक फसगत होते. आपली धडधड सर्वांना ऐकू जात आहे, आपला कंप सर्वांना दिसत आहे, असे त्याला वाटते. अमेरिकेतील केनेथ सॅविट्स्की आणि टॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये याविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. भाषण करणारांना स्वतःची घाबरगुंडी जेवढी उघड वाटत होती, तेवढी ती ऐकणारांना दिसतच नव्हती. दुसऱ्या एका प्रयोगात काही वक्त्यांना ही गोष्ट आधीच समजावून सांगण्यात आली. तेव्हा त्यांची भाषणे इतरांपेक्षा सरस झाली. म्हणजे भाषण तेच, वक्ता तसाच. केवळ खरी वस्तुस्थिती कळल्याने मनावरचा निम्माअधिक भार उतरला.

हा भार किती मोठा असू शकतो आणि तो कसा उतरतो, हे पाहावयाचे तर महात्मा गांधींचे चरित्र वाचावे. ज्यांच्या शब्दाखातर लक्षावधी लोकांनी कारावास पत्करला, ते बालपणी अतिशय लाजाळू होते. शाळेची घंटा होताच ते शाळेत जात आणि शाळा सुटताच घराकडे धाव घेत. वाटेत कोणी बोलावयास लागेल, याची त्यांना धास्ती वाटे. लंडनमध्ये कायद्याचे शिक्षण घेत असता ते तेथील शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते. परंतु सभेत ते बहुधा गप्पच बसत. एकदा एका सभासदावर अन्याय होत आहे असे वाटून त्यांनी आपले मत लिहून आणले. तेही त्यांना वाचता आले नाही, दुसऱ्याने ते वाचून दाखविले. आणखी एका गावी लिहून नेलेले भाषण वाचण्यासाठी ते उभे राहिले, तर डोळ्यांपुढची अक्षरे अंधूक झाली आणि अंगाला कंप सुटला. तो कागदही सोबत्यालाच वाचावा लागला. १८९१ मध्ये लंडन सोडताना त्यांनी मित्रांना निरोपाचे भोजन दिले. त्यासाठी एक विनोदी भाषण त्यांनी तोंडपाठ केले होते. पहिले वाक्य झाले आणि पुढचे सारे आठवेनासे झाले. दोन शब्दांत आभार मानून ते खाली बसले.

मुंबईस परत आल्यावर तर याहून बिकट प्रसंग आला. लघुवाद न्यायालयात त्यांना पहिला दावा मिळाला. तीस रुपये मेहनताना ठरला होता. साक्षीदाराला प्रश्न विचारण्यासाठी ते उभे राहिले, तोच त्यांचे डोके गरगरू लागले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले, दुसरा वकील द्यावा असे त्यांनी सांगितले आणि पैसे परत केले. धीर येईपर्यंत दुसरा दावा घ्यावयाचा नाही, असे त्यांनी ठरविले.

पुढे १८९३ मध्ये ते दक्षिण आफ्रिकेत गेले. प्रिटोरिया येथील हिंदी लोकांची दैन्यावस्था पाहून त्यांनी त्यांची सभा बोलाविली. व्यापारात खरेपणा पाळता येतो की नाही, हा विषय होता आणि त्याची त्यांनी चांगली तयारी केली होती. या वेळी ते न अडखळता बोलले. आपले हेच पहिले जाहीर भाषण होय, असे त्यांनी आपल्या आत्मकथेत लिहिले आहे. लंडनमध्ये त्यांचे लक्ष स्वतःकडे होते: ‘मी कसा दिसेन? लोक हसतील काय?’ प्रिटोरियात मात्र त्यांच्यापुढे एक काम होते आणि त्या कामाची ज्यांना गरज होती अशी माणसे होती. ज्या लंडनमध्ये त्यांना एक कागद वाचता आला नव्हता, तेथेच १९३१ मध्ये गोलमेज परिषदेत ते राष्ट्राच्या वतीने बोलले. ज्या मुंबईत ते न्यायालयात खाली बसले होते, तेथेच ८ ऑगस्ट १९४२ रोजी गोवालिया टँकच्या मैदानावर त्यांनी ‘छोडो भारत’चा संदेश दिला. आपल्या लाजाळूपणाने आपल्याला शब्द जपून वापरावयास शिकविले, असेही त्यांनी कृतज्ञतेने नमूद केले आहे.

सभाकंप पूर्णपणे नाहीसा करण्याची धडपड मात्र करू नये. त्याला ताब्यात ठेवावे म्हणजे झाले. यासाठी काही साधे उपाय आहेत. पहिला उपाय तयारीचा. भाषण शब्दशः घोकू नये. एक दुवा निसटला की सारी साखळी तुटते. मुद्दे नीट समजून घ्यावेत आणि प्रारंभीची दोन-तीन वाक्ये तेवढी पक्की करावीत. कारण ताण बहुधा बोलण्यापूर्वी आणि प्रारंभीच्या क्षणांतच सर्वाधिक असतो, पुढे तो उतरत जातो. दुसरा उपाय श्वासाचा. हृदय आपल्या आज्ञेत नसते, परंतु श्वास असतो. श्वास सावकाश घेऊन त्याहूनही सावकाश सोडला, तर मज्जासंस्थेचा विश्रांती देणारा भाग जागा होतो आणि हृदयाची गती मंदावते. बोलण्यापूर्वी घोटभर पाणी प्यावे. टिपणाचा कागद हातात धरण्यापेक्षा मेजावर ठेवावा. हाताचा बारीकसा कंप कागदाच्या टोकाला मोठा होऊन दिसतो.

तिसरा उपाय नाव बदलण्याचा. धडधडणारी छाती भीतीतही असते आणि आनंदातही असते. जत्रेला निघालेल्या मुलाची छातीही धडधडतेच! हार्वर्ड विद्यापीठातील ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, गाणे, भाषण किंवा गणित यांपूर्वी ‘मला हुरूप आला आहे’ असे स्वतःशी म्हणणारांनी ‘मी शांत आहे’ असे म्हणणारांपेक्षा अधिक चांगली कामगिरी केली. चौथा उपाय सरावाचा. प्रथम घरच्यांसमोर बोलावे, मग दोन-चार मित्रांसमोर, मग वर्गापुढे आणि शेवटी सभेपुढे. पोहणे जसे काठावर बसून येत नाही, तसा सभाधीटपणाही कोपऱ्यात बसून येत नाही. प्रत्येक वेळी मेंदूतील पहारेकऱ्याला उमगत जाते की, येथे वाघ नाही.

क्वचित एखाद्याची भीती याहून पुष्कळ तीव्र असते. शाळेत जाणे, कोणाशी बोलणे, चारचौघांत जेवणे हेही तिच्यामुळे त्याला अशक्य होते आणि हा प्रकार महिनोन्‌महिने चालतो. तो हट्ट किंवा आळस नव्हे. अशा मुलाने आईवडिलांना किंवा शिक्षकांना मोकळेपणाने सांगावे. डॉक्टरांच्या साहाय्याने ही व्यथा बरी होऊ शकते. ताप आला असता औषध घेण्यात जशी लाज नाही, तशी यातही नाही.

सरतेशेवटी, सभा केवळ बोलणाराने घडत नाही. ती ऐकणारांनीही घडते. एखादा सोबती अडखळला असता मागच्या बाकावरून उठलेले हसू त्याच्या मेंदूतील पहारेकऱ्याला सांगते की, ‘तू ओळखलेस ते खरे, ही माणसे तुझी नव्हेत.’ त्याउलट एखादा शांत, आपलेपणाचा चेहरा त्याला दिसला, तर तीच सभा त्याला घरासारखी वाटू लागते. हसणाराला ते हसू क्षणात विसरते; ज्याच्यावर ते उमटले त्याला ते कैक वर्षे आठवत राहते. बोलणाराला धीराची आवश्यकता असते, तर ऐकणाराला सहृदयतेची. ज्या वर्गात या दोन्ही गोष्टी असतात, तेथे मुलांना मोकळेपणाने बोलता येते आणि तेथेच त्यांचे शिक्षण खऱ्या अर्थाने होते.

स्वाध्याय

१. सभाकंपामुळे होणारे खरे नुकसान कोणते, ते तुमच्या शब्दांत लिहा.

२. कारणे सांगा : (अ) भीतीने घशाला कोरड पडते. (आ) थंडीतही तळहात घामेजतात. (इ) व्यासपीठावर हातपाय कापतात.

३. तंडुल-दिव्याच्या पद्धतीत कोणता अन्याय दडलेला होता?

४. लंडनमधील गांधीजी आणि प्रिटोरियातील गांधीजी यांच्या मनःस्थितीत कोणता फरक होता?

५. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : बोबडी वळणे, हातपाय गळणे, पोटात गोळा येणे, अंगावर काटा येणे, वाळीत टाकणे.

६. शरीराच्या अवयवांवरून तयार झालेले आणखी दहा वाक्प्रचार जमवा. त्यांतील कोणते भीती दाखवितात, कोणते राग आणि कोणते आनंद, याप्रमाणे त्यांची वर्गवारी करा.

७. ‘चांगला श्रोता’ या विषयावर वर्गापुढे दोन मिनिटे बोला.